बायपास करून गावी आल्यावर छाती कशी सांभाळायची

बायपास किंवा झडपेचं ऑपरेशन करून माणूस गावी परतला की घरातले सगळे मिळून त्याला झोपवून ठेवतात. उठू नको, बोलू नको, खोकू नको. कुणी पाय चेपतं, कुणी पेज भरवतं, उशाशी डासांची उदबत्ती लागते. हे सगळं मायेपोटीच चाललेलं असतं, आणि यातल्या बहुतेक गोष्टींनी छातीत संसर्ग व्हायला मदतच होते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी मुंबईत हृदयाच्या ऑपरेशनच्या पेशंटांबरोबर काम केलं, आता कणकवली तालुक्यात करते. वॉर्डात दर दोन तासांनी कुणीतरी येऊन पेशंटला उठवून बसवतं. गावच्या घरात त्याला उठवायची कुणाची छाती होत नाही.

ज्यांच्या घरात हे ऑपरेशन पहिल्यांदाच होतंय त्यांच्यासाठी, ऑपरेशनच्या आधीपासून साधारण तीन महिन्यांपर्यंत काय करायचं ते क्रमाने लिहिते. तुमच्या सर्जनने डिस्चार्ज कार्डावर वेगळं काही लिहून दिलं असेल तर ते खरं माना, माझं बाजूला ठेवा.

बिघडतं नेमकं काय

‘छातीत इन्फेक्शन झालं’ असं लोक सांगतात तेव्हा दोनपैकी एक झालेलं असतं, आणि दोन्हींची काळजी वेगवेगळी.

पहिलं फुप्फुसातलं. भूल, व्हेंटिलेटर आणि तासन्‌तास उताणं पडून राहणं यामुळे फुप्फुसांचे खालचे भाग मिटतात. त्यात छातीचं मधलं हाड उभं कापलेलं असतं, त्यामुळे खोल श्वास घेतला की दुखतं. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकायला घाबरतो. कफ तळाशी साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होतो. याचा धोका पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत जास्त.

दुसरं जखमेतलं. कापलेलं हाड पोलादी तारांनी बांधतात. त्या तारा कायम आतच राहतात, काढायच्या नसतात. वरच्या कातडीपुरता संसर्ग असेल तर ड्रेसिंग आणि औषधांवर भागतं. हाडापर्यंत गेला तर पुन्हा ऑपरेशन थिएटर. खोलवरचा हा संसर्ग बऱ्याचदा दोन ते चार आठवड्यांनी डोकं वर काढतो, म्हणजे पेशंट घरी आलेला असतो, बघायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरलेली असते आणि घरच्यांचं लक्षही जरा सैल पडलेलं असतं.

बायपासमध्ये पायातली शीर काढली असेल तर पायावरही लांब चीर असते. तिच्याकडे कुणी बघत नाही. छातीच्या जखमेला जे नियम तेच तिला.

डायबेटिस, जुना दमा, बिडी-सिगारेटची सवय, जास्त वजन, किडनीचा त्रास यातलं काही असेल तर पुढचं सगळं दुप्पट काटेकोरपणे करा.

ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर

तंबाखू त्या दिवशी बंद. बिडी-सिगारेट तर बंदच, पण मशेरीसुद्धा. आमच्याकडच्या कितीतरी बायका डॉक्टरांना ‘मला कसलंही व्यसन नाही’ असं सांगतात आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. मशेरीत निकोटिन आहे. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला भरून यायला लागणारं रक्त कमी मिळतं. महिना-दीड महिना आधी सुटली तर उत्तमच. तेवढा वेळ नसेल तरी आजपासून सोडा.

दात दाखवून घ्या. किडलेला दात, पू येणारी हिरडी हे जंतूंचं कोठारच. तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनळीत उतरतात, आणि झडप बदलायची असेल तर रक्तातून नव्या झडपेवरही जाऊन बसतात. दोन वेळा ब्रश करायची सवय आत्ताच लावा. कवळी असेल तर ती रोज धुवायची आणि रात्री काढून ठेवायची.

साखर ताळ्यावर आणा. ऑपरेशनच्या आसपासच्या दिवसांत ती १८०च्या खाली राहावी असा सर्जनचा आग्रह असतो. ‘आता काय, हॉस्पिटलात बघतीलच’ म्हणून तोवर आंब्यावर ताव मारू नका.

अंगावर गळू, खरूज, पायाच्या बोटांत चिखल्या असतील तर आधी सांगा आणि बऱ्या करून घ्या. चिखल्यांच्या फटीतून जंतू शिरतात आणि शीर काढलेल्या पायावर लाली चढत जाते. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही बारीक गोष्ट नाही. सर्दी-खोकला-ताप असेल तर तोही लपवू नका. ऑपरेशन तातडीचं नसेल तर डॉक्टर चार दिवस पुढे ढकलतील, ते परवडलं. आणि छातीचे केस घरी वस्तऱ्याने किंवा ब्लेडने काढून जाऊ नका. बारीक ओरखडे पडतात, जंतू तिथेच वस्ती करतात. हॉस्पिटलवाले मशीनने केस कापतात, अंघोळीला जंतुनाशक साबण देतात. काही ठिकाणी नाकात लावायला मलमही देतात, कारण जखमेत पू करणारे जंतू पुष्कळ लोकांच्या नाकातच मुक्कामाला असतात.

दम्याचा पंप लागत असेल तर तो बरोबर न्या, तो चालू आहे हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

शेवटचं काम म्हणजे स्पायरोमीटर आधीच विकत घ्या. तीन रंगीत गोळ्यांचं प्लास्टिकचं ते साधन औषधाच्या दुकानात मिळतं. छाती दुखत नसताना ते वापरायला शिकलेला माणूस ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी बरोबर वापरतो. दुखत असताना पहिल्यांदा हातात घेतलेला माणूस नुसता त्याच्याकडे बघत बसतो.

गोळ्यांचं यंत्र कसं वापरायचं

दहातले निम्मे लोक त्यात फुंकतात. त्यात फुंकायचं नाही, हवा आत ओढायची.

१. पाठ टेकून ताठ बसा. पडून करू नका. यंत्र डोळ्यांसमोर उभं धरा.
२. श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडा, मग नळी ओठांत घट्ट धरा.
३. हळूहळू, लांब श्वास आत घ्या. पोट आणि खालच्या बरगड्या फुगल्या पाहिजेत, खांदे वर जाता कामा नयेत.
४. गोळी वर तरंगत असताना तीनेक सेकंद धरून ठेवा.
५. नळी काढा, सोडा, दोन साधे श्वास घ्या, मग पुढचा.

जागेपणी दर तासाला दहा. सलग दहा जमले नाहीत तर पाच-पाच करा. चक्कर आली तर थांबा.

गोळ्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. हवा किती वेगाने ओढली त्याचा तो हिशोब, पण लोकांना ते आकडे परीक्षेतल्या मार्कांसारखे वाटतात. हिसका देऊन तिन्ही गोळ्या वर उडवण्यात काही फायदा नाही. एकच गोळी वर नेऊन धरलेला लांब, सावकाश श्वास फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो. नळी रोज साबणाने धुऊन वाळवा, आणि यंत्र नातवंडांच्या हाती देऊ नका. गोळ्या उडताना बघून पोरं हमखास तोंडाला लावतात, आणि शाळेतली सर्दी आजोबांच्या छातीत येते.

यंत्र नसलं किंवा मोडलं तर अडत नाही. हात बरगड्यांवर ठेवून तेवढेच खोल श्वास घ्या, वर तीन सेकंद धरा. खरं सांगायचं तर नुसत्या यंत्रावर माझी भिस्त नाही. उठून बसणं, चालणं, खोल श्वास आणि खोकणं या सगळ्यांनी मिळून काम होतं. दिवसभर पडून राहून तासाला दहा गोळ्या उडवणाऱ्यालाही न्यूमोनिया होऊ शकतो.

खोकायला शिकणं

‘खोकलो इलो की छाती फुटतली असा वाटता,’ असं एक काका मला म्हणाले होते. हाताची मूठ छातीवर दाबून, ओठ आवळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते खोकला गिळत होते. बाजूला बसलेल्या काकी म्हणत होत्या, ‘नको खोकू, टाके तुटतले.’ गेले दोन दिवस त्यांच्या छातीत घरघर वाजत होती आणि ती पंख्याच्या आवाजात कुणाला ऐकू आली नव्हती.

मी त्यांना पलंगाच्या काठावर बसवलं, पाय जमिनीला टेकवले. एक घट्ट उशी छातीवर उभी धरायला लावली आणि दोन्ही हातांनी ती मिठी मारल्यासारखी आवळायला सांगितली. आधी चार-पाच खोल श्वास. मग तोंड उघडं ठेवून ‘हाऽऽ’ करत जोरात हवा बाहेर, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तशी. असं दोन-तीनदा केलं की खालचा कफ घशाशी सरकतो. तो वर आला की उशी आवळून एक-दोन जोरदार खोकले. काकांचा कफ सुटला, पिवळट आणि चिकट. काकींना मी रंग दाखवला, कारण उद्यापासून तो त्यांनाच बघायचा होता.

उशी आवळून धरली की हाडाच्या दोन्ही बाजू जागच्या जागी राहतात. तारा काही अशा खोकल्याने तुटत नाहीत. उशी कायम हाताशी असू द्या. शिंक, उचकी, हसू काहीही आलं तरी आधी उशी. नसेल तर घडी केलेली जाड गोधडीही चालते. दिवसातून चार-पाच वेळा, आणि सकाळी उठल्या उठल्या एकदा, मुद्दाम असा खोकून बघा.

वेदना सोसण्यात शहाणपण नाही. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घ्या. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर श्वास खोल जातो. दुकानातून मनाने आणलेली वेदनाशामक गोळी मात्र नको. हृदयाच्या आणि किडनीच्या औषधांशी तिचं जमत नाही.

कफ नाही, ताप नाही, पण रात्रभर कोरडी ढास लागते असं झालं तर डॉक्टरांना कळवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी असा खोकला येतो, गोळी बदलली की थांबतो. मनानेच बंद करू नका.

हॉस्पिटलात नातेवाइकांनी काय करायचं

आयसीयूत तुम्हाला फार वेळ आत सोडणार नाहीत, आणि ते बरं आहे. सर्दी असेल तर आत जाऊच नका. हात धुऊन जा, पलंगावर बसू नका, ड्रेसिंगला बोट लावू नका.

घशातली नळी काढल्यावर एक-दोन दिवस आवाज बसलेला असतो आणि गिळताना ठसका लागू शकतो. पाणी किंवा अन्न श्वासनळीत गेलं तर त्यानेही न्यूमोनिया होतो. नर्सने परवानगी दिल्याशिवाय तोंडात काही घालू नका. दिल्यावरही पेशंटला पूर्ण बसवून, छोटे घोट, छोटे घास. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका.

इथे शहाळ्याविषयी सांगितलंच पाहिजे. आपल्याकडची माणसं पेशंटला बघायला येताना शहाळी घेऊनच येतात. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि हृदयाच्या काही औषधांवर असलेल्या, किडनी नाजूक झालेल्या पेशंटला ते वाढलं तर ठोके बिघडतात. शिवाय दिवसाचं पाणी बऱ्याच जणांना मोजून दिलेलं असतं. विचारल्याशिवाय देऊ नका. भावकीला वाईट वाटलं तर वाटो.

फिजिओ पेशंटला उठवायला आली की ‘आज नको, आज फार थकलेत’ म्हणून तिला परत पाठवू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत खुर्चीत बसवणं आणि मग व्हरांड्यात चालवणं हेच औषध आहे.

गावी येताना

कोल्हापूरहून फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट, बेळगावहून आंबोली, मुंबईहून हायवे. कुठूनही या, गचके बसणारच. पुढच्या सीटवर बसत असाल तर पट्टा लावायचाच, फक्त छाती आणि पट्टा यांच्यामध्ये उशी धरायची. दर तास-दीड तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चालायचं, चार खोल श्वास घ्यायचे. कोकण रेल्वेने येत असाल तर खालचा बर्थ, आणि सामानाला पेशंटने हात लावायचा नाही. वर चढायला दांडी धरून हाताने ओढून घ्यायची सवय सगळ्यांना असते. ती इथे चालत नाही. स्टेशनवर उतरवून घ्यायला दोन माणसं बोलावून ठेवा.

घर लावून घेणं

पेशंट येण्याच्या आदल्या दिवशी हे करून ठेवा.

जमिनीवर चटई-गोधडी घालून झोपायचं काही महिने बंद. जमिनीवरून उठताना सगळा भार हातांवर येतो आणि हाडाच्या दोन बाजू सरकतात. हाड सरकत राहिलं की सांधत नाही, आणि न सांधलेल्या हाडात जंतूंना जागा मिळते. गुडघ्याएवढ्या उंचीची खाट हवी, डोक्याकडे उशा लावून उतार केलेली. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, उशी छातीशी धरून मांड्यांच्या जोरावर उठायचं. बगलेत हात घालून कुणी ओढायचं नाही. मदत पाठीला हात लावून करा. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची आणा.

धूर घरातून काढा. चूल पेटती राहणार असेल तर पेशंटची खोली मागच्या दारापासून लांब, ओटीकडची घ्या. न्हाणीतलं पाणी तापवायची चूलही विसरू नका, सकाळचा निम्मा धूर तिथूनच येतो. डासांसाठी धुरी आणि उदबत्ती बंद, मच्छरदाणी लावा. उन्हाळ्यात शेजारी भाजावळ करणार, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळणार असतील तर आधी सांगून ठेवायला सांगा आणि त्या दिवशी खिडक्या लावून घ्या.

माणसं आवरा. एरवी हे बोलायला कठीण, पण अख्खी वाडी बघायला येते आणि प्रत्येक जण खाटेच्या काठावर बसून हात हातात घेतो. गणपतीत चाकरमानी आले की विचारूच नका. पाहुणे पडवीत बसतील, पेशंट वाटलं तर बाहेर येईल. शिंकणाऱ्या-खोकणाऱ्याने बाहेरूनच ‘बरं वाटतंय का’ विचारून जायचं. दारात साबण आणि पाणी ठेवलं की न सांगता लोक हात धुतात.

चालायला अंगण आहेच. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या दिवसातून चार-पाच वेळा, मग हळूहळू वाढवत न्यायच्या. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलायलाच धाप लागली तर वेग जास्त आहे. पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या लगेच नकोत. पावसात त्यांवर शेवाळ धरतं, पाय सटकला की माणूस हात टेकतो. पाऊस असेल तेव्हा पडवीतल्या पडवीत चाला.

जखम

जखमेला फक्त कोमट पाणी आणि साधा साबण. हळद नाही, खोबरेल नाही, कोरफड नाही, पावडर नाही, चांगलं म्हणून कुणी दिलेलं मलमही नाही. देवाचा अंगारा कपाळाला लावा, चिरेवर नको.

डॉक्टरांनी अंघोळीला परवानगी दिली की रोज अंघोळ करायची. हाताला साबण लावून फेस जखमेवरून अलगद फिरवा, तांब्याने खांद्यावरून पाणी सोडा, घासू नका. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं, तेव्हा जखमेवर घ्यायचं पाणी उकळून कोमट केलेलं असू द्या. मग स्वच्छ पंचाने टिपून कोरडं करा. तो पंचा वेगळा ठेवा, रोज धुवा. जुलैत आपल्याकडे कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात आणि त्यांना कुबट वास येतो. असा पंचा किंवा गंजी जखमेवर येऊ देऊ नका. कडक इस्त्री फिरवून पूर्ण वाळवा. विहीर, ओहोळ, खाडी, समुद्र यांत उतरणं जखम पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात खरी अडचण घामाची. सुती, पुढून उघडणारे कपडे घाला, घाम आला की बदला. बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती विचारायला त्या लाजतात आणि सांगायला डॉक्टर विसरतात. स्तनांच्या वजनाने चिरेच्या दोन्ही कडा बाहेरच्या बाजूला ओढल्या जातात, आणि खालच्या टोकाशी घाम साचतो. पुढे हूक असलेली, तार नसलेली, मऊ सुती ब्रा दिवसरात्र वापरा. खालच्या घडीत स्वच्छ सुती कापड ठेवून ते ओलं झालं की बदला. मंगळसूत्र, जानवं, तुळशीची माळ चिरेवर घासते, ती काही आठवडे काढून ठेवा. मंगळसूत्र काढायला मन घेत नसेल तर ते आखूड करून वर गळ्याशी ठेवा.

जखम रोज त्याच वेळी, उजेडात बघा. रोज मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला की कालच्यापेक्षा लाली वाढली का, हे भांडण न करता ठरतं.

हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरती ताकद यायला तीन महिने. तोवर दोन-तीन किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही. चार सोललेले नारळ पिशवीत घातले की तेवढं वजन होतं. भरलेली कळशी, रहाटाचा दोर, गॅसची टाकी, नातवाला कडेवर घेणं, विळीवर बसून नारळ खवणं, स्कूटर चालवणं, सगळं नंतर. हात केसांपर्यंत सावकाश हलते ठेवा, नाही तर खांदे आखडतील.

खाणं

जखम भरायला प्रथिनं लागतात. आपल्याकडे बांगडा, तारली, पेडवे आहेत, ते कालवणात खा. शाकाहारी असाल तर कुळथाची पिठी, मूग, दूध-दही. नुसत्या पेजेवर ठेवू नका. मात्र सुका बांगडा, सुकट, लोणचं, पापड यांतलं मीठ अंगात पाणी साठवतं, आणि छातीत पाणी झालं की श्वास पुन्हा तोकडा पडतो. साखर रोज तपासून लिहा. कारण नसताना ती एकाएकी चढली तर कुठेतरी संसर्ग सुरू झाल्याची ती पहिली खूण असू शकते.

पावसाळा आणि शेत

लावणीच्या दिवसांत माणसाला घरात बसवत नाही. ‘नुसता बांधावर उभा राहतो’ म्हणून जातो आणि तासाभरात चिखलात उतरतो. पायावर चीर असताना चिखलात जाणं म्हणजे लेप्टोला आमंत्रण, उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेले जंतू अशाच जखमेतून शिरतात. या वर्षीची लावणी दुसऱ्या कुणीतरी करायची.

दुसरा घोटाळा तापाचा. पावसात आपल्याकडे ताप आला की लेप्टो, डेंगी, मलेरिया हीच नावं पुढे येतात. दवाखान्यात तपासण्या सुरू होतात, ऑपरेशन झाल्याचं कुणी सांगतच नाही आणि छातीला स्टेथोस्कोप लागतो तिसऱ्या दिवशी. डॉक्टरांसमोर बसल्याबसल्या ऑपरेशनची तारीख सांगा आणि शर्टाची बटणं काढून चीर दाखवा.

फ्लूची लस दर वर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी, आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. ऑपरेशननंतर किती आठवड्यांनी, ते सर्जनला विचारा. घरातल्यांनीही फ्लूची घेतली तर चांगलं.

कधी वाट बघत बसायचं नाही

ताप रोज सकाळ-संध्याकाळ मोजा, आणि पॅरासिटामॉल घेण्याआधी मोजा. गोळीने ताप झाकला जातो. खालीलपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलला फोन करा:

– ताप १००.४ किंवा वर, किंवा थंडी वाजून हुडहुडी
– कफ पिवळा-हिरवा, दुर्गंधी येणारा, किंवा रक्ताचा
– चिरेतून पाणी किंवा पू, वाढती लाली, गरमपणा, कडा उघडणं. पायाच्या चिरेलाही हेच
– खोकताना किंवा कुशीवर वळताना छातीत हाड ‘कटकट’ वाजणं किंवा सरकल्यासारखं वाटणं, वर काही दिसत नसलं तरी
– कमी होत चाललेलं दुखणं पुन्हा वाढणं

म्हाताऱ्या माणसांना ताप येईलच असं नाही. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज गुंगीत आहे, असंबद्ध बोलतेय, जेवायला नको म्हणतेय, तर ‘वयाने होतं’ म्हणून सोडू नका.

बसल्या जागी धाप, एक वाक्य पूर्ण बोलता न येणं, ओठ निळसर, बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ९२च्या खाली, छातीत दाबल्यासारखं दुखणं, यांतलं काहीही झालं तर फोनाफोनी करत बसू नका, १०८ लावा. ऑक्सिजनचा आकडा बघताना बोटं थंड नसावीत, नखांना मेंदी-नेलपॉलिश नसावं, आणि डिस्चार्जच्या दिवशीचा आकडा कार्डावर लिहून घेतलेला असावा, म्हणजे घसरण कळते.

डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी, शेवटचा एक्स-रे आणि सर्जनच्या युनिटचा नंबर एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला लावून ठेवा. रेंज कुठे मिळते हे घरातल्या पोरांनाही माहीत असू द्या. १०८ला फोन लागला की पहिल्याच वाक्यात सांगा: ओपन हार्ट ऑपरेशन होऊन इतके दिवस झालेत आणि आता श्वास लागतोय. मग गावाचं, वाडीचं नाव आणि गाडी कुठपर्यंत येते ते.